कोपऱ्यावरचे दगड

हा-तेलेको गावात ज्याच्या अंगणात दगडी वाफा नाही असं एकच घर होतं, आणि ते नेमकं जमीन-मोजणी खात्यातून हेड ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेल्या रापेलांग यांचं होतं. गावाला याचं मुळीच आश्चर्य वाटत नसे. "ज्यानं जन्मभर दुसऱ्यांची जमीन मोजली, त्याच्या जमिनीत उगवणार काय? फूटपट्टी?" असं शेजारचे पोलाकी चारचौघांत विचारत. पोलाकींचं आयुष्य सोन्याच्या खाणीत जमिनीखाली गेलं होतं, त्यामुळे जमिनीवरच्या सगळ्या गोष्टींबद्दल त्यांना ठाम मतं होती.

वाफा म्हणजे तशी मोठी भानगड नाही. कमरेइतका उंच गोल दगडी कठडा रचायचा, आत डबे, राख, शेण, गवत, माती असे थरावर थर द्यायचे, मधोमध काटक्यांची उभी टोपली ठेवायची. टोपलीत घरातली सालं टाकायची, भांडी धुतलेलं पाणी ओतायचं. एका बाजूनं आत शिरायला खाच ठेवायची, म्हणजे कुठल्याही रोपापर्यंत उभ्या उभ्या हात पोचतो. गावातल्या म्हाताऱ्या, आजारी, अधू अशा सगळ्यांच्या घरी यावर बारा महिने पालेभाजी असते. रापेलांग यांचा आक्षेप एवढाच होता की वाफा गोल असतो. "गोलाचं क्षेत्रफळ काढायला बसलं की शेवटी काहीतरी उरतंच," ते म्हणत. "जे नीट मोजता येत नाही ते मी माझ्या अंगणात ठेवणार नाही." माणूस तत्त्वाचा होता. भाजी मात्र विकत आणावी लागे.

ती आणावी लागे त्यांच्या बायकोला, मा-पुलेंग यांना. पुलेंग ही लेक, म्हणून त्या मा-पुलेंग. पूर्वी त्या परसात सपाट जमिनीवर कोबी, बीट, पालक असं सगळं काढत. दोन हिवाळ्यांपूर्वी हिमानं निसरड्या झालेल्या पायरीवरून त्या पडल्या, खुब्याला मार बसला आणि वाकणं कायमचं बंद झालं. परसात तण माजलं. मग काठी टेकत रस्त्यापलीकडच्या मा-नेओकडे जायचं आणि जुडी घेऊन यायचं. मा-नेओ जुडीबरोबर टोमणा फुकट देई. "घ्या, कोवळी आहे. साहेबांचा नकाशा झाला का पुरा?"

मा-पुलेंग हसून घेत. पण एकदा रापेलांग यांनी त्यांना मागच्या दारात उभं राहून ओसाड परसाकडे बघताना पाहिलं. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या आणि हात काहीतरी खुडल्यासारखा हलत होता. रापेलांग यांना घरात येऊन चहा प्यावासा वाटला नाही.

म्हणून पुलेंगचं दुसरं बाळंतपण आलं आणि मा-पुलेंग दोन महिन्यांसाठी सीमेपलीकडे ब्लोमफाँटेनला लेकीकडे निघाल्या, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं. बायको परत येईल तेव्हा तिचा वाफा तयार असेल आणि ती त्यातली भाजी स्वतःच्या हातानं, ताठ उभं राहून तोडेल. तोवर कुणाला काही सांगायचं नाही. आदल्या दिवशी त्यांनी पोलाकींचं गाढव मागून आणलं आणि ओढ्यातून एक खेप दगड भरले. गाढव, जिथं पायवाट मोठ्या रस्त्याला मिळते त्या कोपऱ्यावर येऊन थांबलं. ओढलं, ढकललं, गोड बोलून पाहिलं. ते हललं नाही. दगड तिथेच उतरवावे लागले. एका परीनं बरंच झालं. अंगणात दगड दिसले असते तर मा-पुलेंग यांनी दोन प्रश्नांत गुपित काढून घेतलं असतं.

सकाळी त्या टॅक्सीसाठी निघाल्या. "परत येईन तेव्हा मक्याच्या घट्ट लापशीबरोबर घरची भाजी असली तर बरं वाटेल," फाटकात त्या म्हणाल्या. "नसली तरी मी काही बोलणार नाही." बायको काही बोलणार नाही म्हणाली की नवऱ्यानं समजायचं ते समजावं. त्यांनी दगडांविषयी विचारू नये म्हणून रापेलांग बॅग घेऊन झपाझपा पुढे गेले. मा-पुलेंग मागे कोपऱ्याशी जरा रेंगाळल्या, पण काठी टेकणारं माणूस रेंगाळणारच. टॅक्सी आली, त्या गेल्या, आणि रापेलांग घरी येऊन नकाशे काढायची टी-स्क्वेअर पट्टी शोधायला लागले.

नकाशा चार ताव भरला. वाफा अर्थातच आयताकृती होता. तो बघायला पोलाकी आले, पाठोपाठ मा-नेओ आली, कारण या गावात गुपित म्हणजे जे सगळ्यांना माहीत असतं पण ज्याच्याविषयी आहे त्याच्या बायकोला सांगायचं नसतं ते.

"हे काय, शवपेटी?" पोलाकींनी विचारलं.

"वाफा आहे."

"मग गोल करा की. आणि तळाला राख जास्त घाला. राखेशिवाय वाफा म्हणजे मिठाशिवाय मटण."

"राखेचं काही ऐकू नका," मा-नेओ म्हणाली. "गंजके डबे घाला. लोखंडानं पानं हिरवी होतात. माझी पानं बघा आणि यांची बघा."

"माझी पानं काय वाईट आहेत?"

"वाईट कुठे म्हटलं? पिवळी म्हटलं."

दोघांचं भांडण तासभर चाललं आणि त्यातून एवढंच निष्पन्न झालं की दोन्ही भरपूर घालायचं. आठवडाभरात रापेलांग यांच्या अंगणात अर्ध्या गावाच्या चुलीची राख, पोतंभर गंजके डबे, कोरफडीचा ढीग आणि तीन जणांच्या गोठ्यातलं शेण येऊन पडलं. गावाला एवढा उत्साह आला याचं कारण पुढे कळलं. आपापल्या घरचं नको असलेलं टाकायला सगळ्यांनाच जागा हवी होती.

सगळं होतं, फक्त दगड पुरत नव्हते. दुसऱ्या खेपेला ओढ्यावर गेले तर राखणदारानं हटकलं. ओढ्यातले दगड गावाचे. न्यायचे तर गावप्रमुख बाईंची परवानगी हवी. पहिल्या खेपेचं काय, असं त्यानं विचारलं नाही आणि रापेलांग यांनी आठवण करून दिली नाही. ते कोट-टाय घालून, वर गवताची टोकदार टोपी चढवून प्रमुखांच्या कचेरीत गेले. मोरेना, म्हणजे प्रमुख, मा-लेफा अंत्यविधीला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मोरेना होत्या, पण कारकून अंत्यविधीला गेला होता आणि शिक्का त्याच्या खिशात होता. तिसऱ्या खेपेला दोघं होते, पण वाफ्यासाठी दगड म्हटल्यावर शेती खात्याच्या माणसानं नकाशा बघायला हवा असं ठरलं. शेती खात्याच्या माणसानं नकाशा उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला आणि म्हणाला, "आमच्याकडे वाफा गोल असतो. चौकोनी असेल तर ते बांधकाम. बांधकामाची खिडकी वेगळी."

"मी तीस वर्षं नोकरी केली ती याच आवारात," रापेलांग म्हणाले.

"मग तर तुम्हाला माहीतच असेल, न्ताते," तो आदरानं म्हणाला. "ती खिडकी गुरुवारी उघडते."

रापेलांग तसेच पायी घरी निघाले. स्वतः त्यांनी किती लोकांना गुरुवारी या म्हणून परत पाठवलं असेल, हा विचार मनात आला आणि त्यांनी तो झटकून टाकला. कोपऱ्यावर आले आणि थबकले. दगडांचा ढीग वाढला होता. चांगला गुडघ्यापर्यंत आला होता.

लोकांनी आपली अडचण ओळखली आणि न बोलता मदत केली, याखेरीज दुसरं कारण त्यांना सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते खुर्ची टाकून अंगणात बसू लागले. शाळेची पोरं, बाजाराला निघालेल्या बायका, सीमेपलीकडे कामाला जाणारे गडी, जो तो कोपऱ्यावर थांबे, दगड ठेवी आणि पुढे जाई. रापेलांग प्रत्येकाला टोपी काढून अभिवादन करत. लोकही हात हलवत. नोकरीत असताना इतका मान कधी मिळाला नव्हता, असं त्यांनी पोलाकींना सांगितलं.

"मान?" पोलाकी म्हणाले. "अहो, ते दगडावर थुंकतायत."

"थुंकतायत?"

"मग? वाटसरूंचा ढीग आहे तो. प्रवासाला निघालेला माणूस दगडावर थुंकतो, ढिगावर ठेवतो, म्हणजे जिथं जाईल तिथं जेवण तयार मिळतं. तुमच्या आजीनं नाही सांगितलं?"

आजीनं सांगितलं होतं. पण ते डोंगराकडचं, जुन्या काळचं, असं म्हणून रापेलांग यांनी ते केव्हाच मागे टाकलं होतं. इकडे सखलात असा ढीग कुणी पाहिला नव्हता. "आणि कुणी सुरू केलं हे?"

"ते कुणाला माहीत? एकानं ठेवला, दुसऱ्यानं बघितला. आता सगळ्यांना गुण येतोय. सुताराच्या पोराला खाणीत नोकरी लागली. आपला फुटबॉलचा संघ बाहेरगावी जाऊन जिंकला, तो तर माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदाच."

रापेलांग यांनी जास्त विचार केला नाही. दगड मुळात त्यांचे होते आणि बाकीचे त्यावर पडले होते. त्यांनी एकचाकी गाडी काढली आणि दिवसाढवळ्या कोपऱ्यावर जाऊन वरचा दगड उचलला. टॅक्सी करकचून थांबली. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला. "न्ताते, तो माझा आहे! ठेवा तो! माझं अजून परतीचं भाडं व्हायचंय!" मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, "लोकांच्या वाटेतलं जेवण काढून घेतोस रे बाबा?" हे रापेलांग यांना फार लागलं. त्यांनी दगड जागेवर ठेवला आणि रिकामी गाडी घेऊन परत फिरले. ती रस्ताभर कुंईकुंई वाजत राहिली.

मोरेना मा-लेफांपर्यंत गोष्ट गेली. कोपऱ्यावरचा एकही दगड कोपरा सोडून जाणार नाही, असा निकाल आला. यासाठी मात्र शिक्का ताबडतोब सापडला.

दिवस सरत होते. अंगणातल्या शेणावर माश्या बसत, राख वाऱ्यानं मा-नेओच्या वाळत घातलेल्या चादरींवर जाई, आणि मा-नेओ चादरी झटकताना मोठ्यानं देवाशी बोलत असे. रविवारी मा-पुलेंग यांचा फोन येई. बाळ छान आहे, पुलेंग छान आहे. "आणि तुम्ही? काय करताय?"

"काही नाही," रापेलांग म्हणत. हे खरंच होतं, आणि तेच त्यांना खुपत होतं. येत्या महिन्यात ती येणार, मागच्या दारात जाऊन उभी राहणार, आणि काही बोलणार नाही. त्याहून ती बोललेली बरी.

म्हणून एका शनिवारी, नीट उजाडायच्या आत, घोंगडी पांघरून आणि टोपी डोळ्यांवर ओढून हेड ड्राफ्ट्समन रापेलांग चोरीला निघाले. त्यांचा हिशेब असा होता की वरचे दगड लोकांचे, पण अगदी खालचे आपले. ते घेतले तर कायद्यानं आणि धर्मानं कुणाचं काही जात नाही. त्यांनी ढिगाच्या पायथ्याशी वाकून एका दगडाला दोन्ही हात घातले आणि ओढलं. दगड हलला नाही. कमरेत काहीतरी कट्‌ असं वाजलं आणि रापेलांग जसे वाकले होते तसेच राहिले.

वर येता येईना, खाली बसता येईना. हात दगडावर, कपाळ ढिगाला टेकलेलं, घोंगडी खांद्यावर. तेवढ्यात पावलं वाजली. शनिवार होता, म्हणजे कुठे ना कुठे अंत्यविधी होताच, आणि मा-नेओ चर्चच्या बायकांना घेऊन पहिल्या टॅक्सीला निघाली होती.

"अगं, थांबा," मा-नेओ हळूच म्हणाली. "साहेब प्रार्थना करतायत."

"कुणासाठी?"

"बायको प्रवासात आहे ना. बघा, किती वाकलेत."

रापेलांग यांना सांगायचं होतं की मी प्रार्थना करत नाही, मला उचला. पण तोंड उघडलं की कमरेतून कळ येई आणि बाहेर फक्त "हे देवा" एवढंच पडे. त्यावर बायका म्हणाल्या, "आमेन." मग कुणीतरी स्तोत्र धरलं. बायकांचे आवाज चांगले होते. पुरुष आले, त्यांनी टोप्या काढल्या. टॅक्सी आली, तिनं इंजिन बंद केलं. सर्व कडवी झाली. रापेलांग उठेनात, तेव्हा त्यांच्या भक्तीनं भारावून लोकांनी पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. शेवटी पोलाकी आले, त्यांनी घोंगडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "अरे, हा माणूस अडकलाय."

त्यांना त्याच आकारात उचलून घरी नेण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी मोरेना मा-लेफा स्वतः भेटायला आल्या. रापेलांग पलंगावर कुशीवर पडले होते. खोटं बोलायला लागणारी ताकद कमरेबरोबर गेली होती. त्यांनी सगळं सांगून टाकलं: चोरी, नकाशा, पायरीवरून पडलेली बायको, परसात तण, आणि मागच्या दारात उभी राहून हवेतली भाजी खुडणारा तिचा हात. "तिनं एकदा तरी ताठ उभं राहून आपली भाजी तोडावी, मोरेना. आता मलाच ताठ उभं राहता येत नाही."

मा-लेफांनी खिडकीतून कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दगड कोपरा सोडून जाणार नाहीत, असं मी म्हटलं होतं. कसे रचायचे, यावर मी काही बोलले नव्हते. ढीग असला काय, कठडा असला काय."

"पण कोपरा तर फाटकाबाहेर आहे."

"मग? तुमची बायको फाटकाबाहेर येत नाही?"

त्या दुपारी गाव कोपऱ्यावर लोटलं. ज्यानं ठेवला त्यानं आपला दगड ओळखून कठड्यात लावायचा, असं ठरलं, आणि जो तो "हा माझा" म्हणत भांडत, हसत रचू लागला. रापेलांग यांना खुर्चीसकट उचलून आणून देखरेखीला बसवलं होतं. वाफा गोल झाला. त्यांचं मत कुणी विचारलं नाही. अंगणातले डबे, राख, शेण, कोरफड सगळं आत गेलं. मा-नेओनं मधली टोपली विणली आणि स्वतःची रोपं आणून लावली. "उसनी दिलीत," तिनं बजावलं. शेवटी एक दगड उरला. चपटा, तांबूस, मधून पांढरी रेघ गेलेला. अगदी तळातून निघाला होता. कुणाचा म्हणून विचारलं तर कुणी हात वर करेना. "माझा असेल," म्हणत रापेलांग यांनी तो खाचेच्या तोंडाशी, आत शिरताना हात टेकतो तिथे, वर लावून घेतला. ओढ्यातले दगड काळे होते हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

वाटसरूंनी आता दगड ठेवायचे नाहीत, टोपलीत घरची सालं टाकायची, असं मोरेनांनी फर्मावलं. लोकांना ते फार आवडलं. टॅक्सीला निघालेली बाई खरकटं पाणी घेऊन निघे. थुंकण्याबद्दल मात्र रापेलांग यांना जातीनं उभं राहून सगळ्यांना समजवावं लागलं. पानं अशी फोफावली की पोलाकी म्हणाले राखेमुळे आणि मा-नेओ म्हणाली डब्यांमुळे.

मा-पुलेंग आल्या तेव्हा रापेलांग कोपऱ्यावरच उभे होते, एक हात वाफ्यावर, एक हात कमरेवर. टॅक्सीतून उतरून त्या त्यांच्याकडे आधी बघत राहिल्या.

"तुम्ही वाकडे का उभे आहात?"

"ते राहू दे. हे बघ."

त्यांनी बघितलं. काठी कठड्याला टेकून ठेवली, खाचेतून आत शिरल्या आणि समोरचं एक पान देठाजवळ धरून मोडलं. मग दुसरं. मग मुठीत मावेनात इतकी. पाठ सरळ होती. रस्त्यापलीकडून मा-नेओ काहीतरी म्हणाली आणि मा-पुलेंग यांनी तिला जोरात उत्तर दिलं. दोन वर्षांत तो आवाज कुणी ऐकला नव्हता. रापेलांग यांनी टोपी काढली आणि उगाचच आतून पुसली.

"चांगला आहे," मा-पुलेंग म्हणाल्या. "गोल आहे."

"हो. गोल आहे."

बाहेर पडताना आधाराला त्यांचा हात खाचेच्या तोंडाशी टेकला. त्यांनी खाली पाहिलं आणि हात तिथेच ठेवला. "हा इथे कसा? हा माझा दगड आहे."

"तुझा?"

"माहेरच्या डोंगरातला. इतकी वर्षं शिवणाच्या डब्यात होता. निघाले त्या दिवशी तुम्ही बॅग घेऊन पुढे पळालात. कोपऱ्यावर ढीग दिसला, म्हटलं ठेवावा."

रापेलांग यांच्या डोळ्यांपुढून खिडक्या, शिक्के, टॅक्सीवाला आणि स्तोत्राची सगळी कडवी गेली. "प्रवासात जेवण मिळावं म्हणून?"

"लेकीकडे निघाले होते, मला जेवणाची काय कमी?" मा-पुलेंग म्हणाल्या. "तुमच्यासाठी ठेवला. देवाला सांगितलं, मी येईपर्यंत या माणसाला खायला मिळू दे आणि धडधाकट ठेव."

रापेलांग यांनी कमरेवरचा हात काढून बघितला आणि लगेच परत ठेवला.

मा-पुलेंग यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "थुंकायचं राहिलं वाटतं," त्या म्हणाल्या, आणि भाजी एका हातात घेऊन कठड्याला टेकलेली काठी दुसऱ्या हातानं त्यांच्यापुढे धरली. "घ्या. आज तुम्हाला जास्त लागणार."